दुपारचं पान आणि आंबट स्विच

तर मंडळी, या विकांताला हापिसचं काहीही नाही. क्लायंट नाही, रिलीज नाही, अप्रेझल तर नावालाही नाही. आज सोयाबीनच्या पानाबद्दल लिहायचंय. (लगेच पान बंद करू नका, पुढे अंबाडीची भाजी आहे. :-))

माझं गाव वाशिम जिल्ह्यात. पुण्यात हे सांगितलं की निम्मे लोक विचारतात, "म्हणजे नक्की कुठे रे?" तर नकाशात अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा, म्हणजे जिल्हा आणि मी जवळपास एकाच वयाचे. सहा तालुके, आणि खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. आमचंही सहा एकर आहे. सोयाबीन, आणि मध्ये मध्ये तुरीच्या ओळी.

आता हे जे सोयाबीन आहे, त्याचं पान भर दुपारी एक विचित्र काम करतं. ज्या उन्हावर ते जगतं, त्यातलाच बराचसा भाग ते पकडतं आणि उष्णता करून फेकून देतं. चुकून नाही, मुद्दाम. आणि हे फेकणं चालू-बंद करणारा जो स्विच आहे, तो चक्क आंबट आहे. म्हणजे आम्लावर चालतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झेपलं नाही. कारण आम्ल आणि हिरवा रंग यांचं काय होतं ते मी लहानपणापासून स्वयंपाकघरात बघत आलोय. म्हणून आधी स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. पण त्याच्याही आधी पाच मिनिटं पानात डोकावू या.

पान हिरवं का दिसतं हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, हिरव्यातला बराच सोडून देतं, तो आपल्या डोळ्यात येतो. बरोबर आहे. पण पुस्तकात एक गोष्ट सांगायची राहून जाते. पानात हरितद्रव्य असं मोकळं तरंगत नसतं. ते प्रथिनांमध्ये बसवलेलं असतं, एखाद्या अंगठीत खडा बसवावा तसं. आणि खडा कुठल्या कोंदणात आहे यावर तो कुठला प्रकाश पकडणार हे थोडं थोडं बदलतं. हरितद्रव्य 'अ' पानातून काढून अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलं तर त्याचं लाल भागातलं शोषण ६६३ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात जास्त असतं. तेच हरितद्रव्य प्रथिनात बसलेलं असताना हे टोक ६७० ते ६८० च्या दरम्यान सरकतं. रेणू तोच, शेजारी बदलले.

हिरव्या झाडांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी अशी अँटेना म्हणजे 'एलएचसी-टू' नावाचं प्रथिन. चिनी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पालकातल्या या प्रथिनाची रचना अगदी बारकाईने उलगडली. एका घटकात चौदा हरितद्रव्यं (आठ 'अ', सहा 'ब'), चार पिवळसर-नारिंगी कॅरोटिनॉइडं, आणि असे तीन घटक एकमेकांना चिकटून एक संच. इतकी हरितद्रव्यं नुसत्या द्रावात इतकी जवळ कोंबली असती तर ती एकमेकांचीच ऊर्जा खाऊन बसली असती. प्रथिन त्यांना नेमक्या अंतरावर, नेमक्या कोनात धरून ठेवतं. त्यामुळे एकाने पकडलेला प्रकाश शेजाऱ्याकडे, तिथून पुढच्याकडे, असा करत मधल्या केंद्रापर्यंत पोचतो. तिथे पाण्याचे तुकडे होतात आणि खरी फॅक्टरी सुरू होते.

म्हणजे रंगद्रव्य आणि प्रथिन ही जोडी आहे. जोडी मोडली की खेळ खल्लास. आणि ही जोडी मोडायची सोपी पद्धत आमच्या घरी दर पावसाळ्यात चालू असते. :-)

अंबाडीची भाजी. विदर्भातल्या लोकांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी: आंबट पानं, त्यात ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची खमंग फोडणी, आणि सोबत भाकरी. पानं कुकरमध्ये टाकताना हिरवीगार असतात. दोन शिट्ट्यांनंतर झाकण काढलं की खाकी. पालक शिजवला तर तो इतक्या लवकर असा होत नाही. अंबाडी होते, कारण तिच्यात आम्ल ठासून भरलेलं आहे.

होतं असं की उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, कोंदण सैल होतं आणि खडा उघडा पडतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लातले हायड्रोजनचे आयन, म्हणजे नुसते प्रोटॉन, येऊन त्या मॅग्नेशियमला हुसकावून लावतात आणि स्वतः जागा बळकावतात. उरतं ते फिओफायटिन. त्याचं निळ्याकडचं शोषण ४३० वरून ४१० नॅनोमीटरच्या आसपास सरकतं, लाल भागातलं शोषण बरंच कमी होतं, आणि आपल्याला दिसतो तो खाकी रंग. म्हणूनच काही जण पालेभाजीत चिमूटभर खायचा सोडा टाकतात. आम्ल मरतं, रंग टिकतो. (भाजी मात्र गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात, तेव्हा नका टाकू.)

इथवर सरळ आहे. आम्ल म्हणजे हरितद्रव्याचा शत्रू. मग जिथे आम्ल नाही तिथे पान खूष असायला हवं, नाही का?

तर तसंही नाही. आमच्या भागातली काळी माती चुनखडीची, बऱ्याच ठिकाणी पीएच आठच्या वर. म्हणजे आम्लाच्या उलट टोकाला. अशा मातीत लोह असतं भरपूर, पण ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना मिळत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, पण ते तयार करायला लोह लागतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खुरपणीच्या दिवसात बाबांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "पानं पिवयी पडून रायली रे." मग फेरस सल्फेटची फवारणी. (पिवळा मोझॅक वेगळा. तो विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीने पसरणारा, आणि त्याच्यावर ही फवारणी चालत नाही. २०२३ मध्ये विदर्भात या मोझॅकने बराच धुमाकूळ घातला होता.)

म्हणजे कुकरमध्ये आम्ल जास्त झालं तर रंग गेला, आणि मातीत आम्ल कमी पडलं तरी रंग गेला. प्रश्न आम्ल आहे की नाही हा नाहीच. कुठे आहे आणि किती आहे, हा आहे. आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण पानाच्या आतच आहे.

हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात, पोळ्यांची चवड लावून ठेवावी तशा. या पिशव्यांना थायलकॉइड म्हणतात. वर सांगितलेल्या सगळ्या अँटेना या पिशव्यांच्या पापुद्र्यात रोवलेल्या असतात. ऊन पडलं की पाण्याचे तुकडे होतात, त्यातले प्रोटॉन पिशवीच्या आत राहतात. शिवाय बाहेरचेही प्रोटॉन आत ओढले जातात. थोडक्यात, उजेड पडला की पिशवीचा आतला भाग आंबट होत जातो. अंधारात पीएच सातच्या आसपास असेल तर उन्हात तो सहापर्यंत येतो, कडक उन्हात त्याच्याही खाली. बाहेरचा भाग मात्र आठच्या आसपास. पीएचची मोजपट्टी दहापटीची असते. दोन अंकांचा फरक म्हणजे आत शंभरपट जास्त प्रोटॉन.

कशासाठी हा उपद्व्याप? धरण आठवा. आमच्या जवळचं म्हणजे पूर्णा नदीवरचं येलदरी. पाणी अडवायचं, उंचीवर साठवायचं, आणि सोडताना वाटेत टर्बाइन ठेवायचं. झाड हेच पाण्याऐवजी प्रोटॉनचं करतं. पिशवीत दाबून भरलेले प्रोटॉन बाहेर पडताना एका फिरत्या प्रथिनातून जातात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं, म्हणजे पेशीचं रोख चलन.

ही कल्पना ब्रिटनच्या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच जणांना ती पटली नव्हती. मग १९६६ मध्ये अमेरिकेत आंद्रे जागेनडॉर्फ आणि अर्नेस्टो उरिबे यांनी एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. थायलकॉइड अंधारात पीएच चारच्या आम्लात भिजवले. आतला भाग आंबट झाल्यावर त्यांना एकदम पीएच आठच्या द्रावात टाकलं. प्रकाशाचा कणही नाही, तरी एटीपी तयार! म्हणजे प्रकाशाचं काम फक्त आत-बाहेर आंबटपणाचा फरक निर्माण करणं. पुढचं काम तो फरकच करतो. मिचेलना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. (आपल्या भाषेत सांगायचं तर काय सुंदर टेस्ट केस! वरचा अख्खा मॉड्यूल काढून टाकला आणि त्याचं फक्त आउटपुट हाताने भरलं.)

आता मूळ मुद्दा. दुपारी काय होतं?

वरच्या पानाचं पोट साधारण निम्म्या उन्हातच भरतं. पुढची फॅक्टरी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर करणारी, ठराविक वेगानेच चालते. ऊन वाढलं म्हणून ती वाढत नाही. मग एटीपीला गिऱ्हाईक उरत नाही, टर्बाइन मंदावतं, आणि पिशवीतले प्रोटॉन आतच साचतात. अँटेनांना मात्र हे ठाऊक नसतं, त्या प्रकाश पकडतच राहतात. वापर नसलेली ही ऊर्जा हरितद्रव्यात रेंगाळली की ती ऑक्सिजनला भिडते, आणि तो चवताळलेला ऑक्सिजन आजूबाजूचं सगळं जाळत सुटतो. पान उन्हाने जळतं म्हणतात त्यातला एक भाग हा.

आणि इथे तो साचलेला आंबटपणा कामी येतो. धरण किती भरलंय हीच गर्दीची खूण.

दोन प्रथिनं ही खूण वाचतात. एकाचं नाव पीएसबीएस. ते नसलेलं झाड जादा प्रकाश फेकून देऊ शकत नाही, हे कृष्ण नियोगी यांच्या बर्कलीतल्या गटाने २००० मध्ये दाखवलं. या प्रथिनाला पिशवीच्या आतल्या बाजूने दोन ठिकाणं अशी असतात की आंबटपणा वाढला की तिथे प्रोटॉन येऊन बसतात, आणि प्रथिन जागं होतं. दुसरं एक एन्झाइम. एरवी ते पिशवीत नुसतं तरंगत असतं, पण पीएच सहाच्या खाली गेला की पापुद्र्याला चिकटतं आणि व्हायोलाझँथिन नावाच्या रंगद्रव्याचं झियाझँथिन करायला लागतं. त्याला त्यासाठी व्हिटॅमिन सी लागतं. झियाझँथिन म्हणजे मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणाऱ्या रंगद्रव्यांपैकी एक. प्रकाशात होणारी ही अदलाबदल हॅरी यामामोटो आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्येच नोंदवली होती. ती कशासाठी होते ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

दोन्ही मिळून परिणाम असा की एलएचसी-टू ची बसण्याची पद्धत बदलते. अँटेना एकमेकींजवळ सरकून गोळा होतात, आत हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड यांची अंतरं थोडी बदलतात, आणि पकडलेली ऊर्जा केंद्राकडे न जाता उष्णता होऊन निघून जाते. पानाने शोषलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला तर ५०५ आणि ५३५ नॅनोमीटरच्या आसपास छोटासा बदल दिसतो. पहिला झियाझँथिन तयार झाल्याचा, दुसरा हा स्विच पडल्याचा. आपल्या डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. पान तितकंच हिरवं. शोषण जरासंच बदलतं, पण शोषलेल्याचं पुढे काय करायचं ते पूर्ण बदलतं.

आमच्या धंद्यात याला लोड शेडिंग म्हणतात. सर्व्हरवर झेपण्यापेक्षा जास्त रिक्वेस्ट आल्या की काही सरळ टाकून द्यायच्या, म्हणजे अख्खी सिस्टिम झोपत नाही. (वाशिममध्ये लोडशेडिंग या शब्दाचा अर्थ वेगळा होता आणि त्यात सिस्टिम झोपायचीच. असो.) पानाची गंमत ही की त्याच्याकडे गर्दी मोजणारा वेगळा मॉनिटर नाही. ज्या साठ्यातून वीज बनते, त्याच साठ्याची पातळी अँटेनांना आवरते. एकच आकडा, दोन कामं. आणि ज्या प्रोटॉनने कुकरमध्ये हरितद्रव्याची वाट लावली, तेच इथे मोजून-मापून, योग्य बाजूने आले तर हरितद्रव्याला वाचवतात.

सगळेच जीव हे आम्लाने करतात असं नाही बरं का. आमच्यापासून फार लांब नसलेलं लोणार बघा. ते बुलडाणा जिल्ह्यात येतं, पण रिसोडकडच्या माणसाला ते शेजारचंच वाटतं. त्या विवरातलं पाणी खारं आणि कडक अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास नोंदलेला. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर "पाण्यात अ‍ॅसिड झालं" पासून काय काय फिरलं. तो रंग खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. एरवी ते तळं हिरवं दिसतं, त्यात मोठा वाटा स्पिरुलिना गटातल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंचा. या जिवाणूंची मुख्य अँटेना वेगळी, निळ्या रंगाच्या फायकोसायनिन प्रथिनाची, आणि ती पिशवीच्या पापुद्र्यात रोवलेली नसून बाहेरच्या बाजूला चिकटलेली असते. त्यांच्याकडे जादा प्रकाशाची खूण आम्ल देत नाही. एक नारिंगी प्रथिन आहे, ते तीव्र निळ्या-हिरव्या प्रकाशाने थेट जागं होतं, लाल होतं आणि अँटेनाला आवरतं. गरज तीच, वायरिंग वेगळी.

बरं, मग परत सोयाबीनच्या पानाकडे. त्याच्या स्विचमध्ये एक गोम आहे. तो चालू पटकन होतो, बंद सावकाश होतो.

आपल्याकडे सोयाबीन वाढतं ते पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टचं आभाळ कसं असतं ते माहीतच आहे. आत्ता चटका, पाच मिनिटांनी ढग, परत चटका. शिवाय खालच्या पानांवर वाऱ्याने उन्हाचे कवडसे येत-जात असतात. ढग आला की पिशवीतला आंबटपणा लवकर उतरतो, पण तयार झालेलं झियाझँथिन परत व्हायोलाझँथिन व्हायला कितीतरी मिनिटं लागतात. तेवढा वेळ पान सावलीत उभं राहूनसुद्धा प्रकाश फेकत राहतं. म्हणजे खिशात पैसे नाहीत आणि दानधर्म चालूच. दिवसभराची, हंगामाभराची बेरीज केली तर हे नुकसान मोठं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीफन लाँग यांचा गट आणि बर्कलीचे नियोगी यांनी यावर काम केलं. या स्विचशी संबंधित तीन जनुकं जास्त प्रमाणात चालतील अशी झाडं तयार केली, म्हणजे स्विच दोन्ही दिशांनी भराभर पडेल. २०१६ मध्ये तंबाखूवरचे निकाल आले: शेतात वाढवलेल्या झाडांचं वाळलेलं वजन साधारण १४ ते २० टक्के जास्त. मग २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचे आले. २०२० सालच्या शेतातल्या चाचणीत काही वाणांचं दाण्याचं उत्पादन तब्बल ३३ टक्क्यांपर्यंत वाढलेलं!

तेहतीस टक्के. मी लगेच गणित केलं. आमच्याकडे बऱ्या वर्षी एकरी सात क्विंटल होतं. त्याच्यावर ३३ टक्के म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या थोडं वर. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एकरी साधारण बारा हजार तीनशे, आणि सहा एकरांचे चौऱ्याहत्तर हजारांच्या आत-बाहेर. हमीभाव मिळाला तर, हे कंसात नाही, मोठ्या अक्षरात वाचा.

माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या आसपासचा हा आकडा. पण घरी त्याचं वजन वेगळं आहे. बाबा साठीचे झालेत. शेत बटईने देऊन टाकायचं का, हा विषय गेल्या दोन दिवाळ्यांपासून निघतो आणि कुणीच तो पूर्ण करत नाही. आई म्हणते द्या. बाबा काही बोलत नाहीत, चहा पीत बसतात. त्यामुळे तेहतीस टक्के म्हणजे माझ्यासाठी नुसती विज्ञानाची बातमी नव्हती. मी फोन लावला.

"तेहतीस टक्के? कोनतं बी हाये? भेटते का आपल्या इकडं?"

"नाही बाबा. अमेरिकेत प्रयोग झालाय. जनुकं बदललेलं आहे, आणि आपल्याकडे तसलं सोयाबीन पेरायला परवानगीच नाही."

"मंग मले काऊन सांगून रायला?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून मी आम्लाचा सगळा प्रकार सांगितला. धरण, टर्बाइन, ढग. ते ऐकत राहिले. शेतकऱ्याला दुपारचं पान नवीन नसतं. कडक उन्हात सोयाबीनची पानं वळतात, खालची फिकट बाजू वर करतात, हे त्यांनी मलाच सांगितलं. तीही ऊन टाळायचीच तऱ्हा. मग विचारलं, "अन दुसऱ्या साली काय झालं? एकाच सालचं सांगतं का तू?"

बरोबर नस पकडली. दुसऱ्या साली, म्हणजे २०२१ मध्ये, वादळवाऱ्याने प्रयोगातलं सोयाबीन आडवं पडलं, आणि त्या वर्षी नवीन वाण आणि साधं वाण यांच्या उत्पादनात ठळक फरक दिसला नाही. (लोळलं दोन्ही, नवीनही आणि साधंही. दोष त्या जनुकांचा नाही.) शिवाय याच युक्तीने प्रयोगशाळेतल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाची वाढ सुधारण्याऐवजी घटली, असं जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवलं. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण अजून पुरी झालेली नाही.

बाबा म्हणाले, "हे पाय, ढगाचा काही भरवसा हाये का? पाच मिन्टात ऊन परत आलं तं? झाडाले काय मालूम. थ्ये थांबते. बरोबरच करते."

मी म्हटलं, पण त्यात नुकसान होतं ना.

"मंग मी तूर काऊन पेरतो? त्या ओयीत सोयाबीनच टाकलं तं जास्त नाई का होनार? पन सोयाबीन गेलं त्या साली तूर रायते."

मी हे वाक्य आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतोय. आम्ही लोक जिथे सावकाशपणा दिसेल तिथे तो काढायला धावतो. वेग वाढवणं हे आमचं पोटच आहे, आणि त्यात गैर काही नाही. पानाचा स्विच लवकर बंद होऊ शकला आणि त्याने खरंच दाणा वाढला, तर ते मला हवंच आहे. सहा एकरवाल्याला तर जास्तच हवंय. पण तो सावकाशपणा निव्वळ बग आहे असं आता मला म्हणवत नाही. ज्या रानटी झाडांमधून हे पीक आलं त्यांना जास्त दाण्याचं बक्षीस नव्हतं, जगण्याचं होतं. एखाद्या दुपारी पान जळलं तर ती भरपाई कोण देणार होतं? सावकाश बंद होणारा स्विच हा त्यांनी भरलेला हप्ता आहे. तो हप्ता आज जास्त वाटतो की रास्त वाटतो, हे आपल्या आभाळावर ठरणार, इलिनॉयच्या नाही. म्हणून असलं बियाणं उद्या आलंच, तर मला आधी त्याची आमच्या काळ्या, चुनखडीच्या मातीतली आणि आमच्या लहरी पावसातली चाचणी बघायचीय, आणि तीही एका सालाची नाही. निदान चार-पाच सालांची. बाबांनी एका प्रश्नात जे विचारलं तेच, फक्त स्प्रेडशीटमध्ये. :-)

आणि हो, भाव. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "सगळ्याइचंच तेहतीस टक्के वाढलं तं भाव काय रायते रे?" या प्रश्नाचं उत्तर पानात नाही. ते बाजार समितीत आहे, आणि तिथला पीएच मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

यंदा शेत बटईने द्यायचं नाही, एवढं मात्र ठरलंय. निदान पुढचा खरीप बाबाच करणार. मी जुलैमध्ये चार दिवस सुट्टी टाकून जाणार आहे. एखादं साधं हरितद्रव्य-मापक यंत्र कुठून भाड्याने मिळतं का बघतोय. पिवळी पडणारी पानं आणि हिरवी पानं यांचे आकडे घ्यायचे आहेत, ओळीने, शेताच्या चुनखडीच्या टोकापासून नाल्याकडच्या टोकापर्यंत. मातीचा नमुनाही तपासायला टाकीन. काही हाती लागलं तर इथे लिहीनच.

तोवर कुणाकडे अंबाडी मिळाली तर शिजवताना झाकण काढून एकदा रंग बघा. आणि फोडणीत लसूण सढळ हाताने घाला.

तूर्तास इतकंच.